करवंदीची हजामत

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, माझ्या पाठचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक त्याच्याबद्दल काहीबाही बोलून बसतात आणि मग मी शेजारीच उभा आहे हे कळल्यावर त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. आमच्या रस्त्याच्या वळणावर त्याचं सलून आहे. चार गल्ल्या ओलांडून लोक त्याच्याकडे केस कापायला येतात. वाटेत दुसरी तीन सलूनं लागतात, त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी सातवीत शाळा सोडली आणि त्याने आठवीत, म्हणजे घरात सगळ्यांत शिकलेला तोच. पुढे मी जन्मभर ट्रक चालवला, त्याने कात्री चालवली. दोघांनीही सरळ चालवलं, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो.

सरळ म्हणजे किती सरळ, तेही ऐका. त्याच्या डोळ्यातच फूटपट्टी आहे. एकदा आम्ही दोघं एका ओळखीच्या घरी भेटायला गेलो. घरातला कर्ता माणूस गेला होता, सगळे माना खाली घालून बसलेले. मध्येच हा उठला. मला वाटलं गहिवरला, आता दोन शब्द बोलेल. तर हा गेला भिंतीपाशी, मेलेल्या माणसाचा फोटो दोन बोटांनी सरळ केला आणि परत येऊन बसला.

"तिरका होता," माझ्या कानात म्हणाला.

असा माणूस. आता त्याच्या दारात करवंदी कशी आली आणि तिचं त्याने काय केलं, ते सांगतो.

करवंदी आणली आमच्या भावजयीने, म्हणजे त्याच्या बायकोने. तिचं माहेर डोंगराच्या पायथ्याचं. तिथे अंगणाच्या कडेला करवंदीची मोठी जाळी होती. बारा महिने हिरवीगार, आत हात घालाल तर काट्यांनी सोलून काढणार, आणि उन्हाळा भरात आला की काळ्याभोर फळांनी लगडलेली. तिची आई रोज सकाळी त्यातली ओंजळभर तोडून हिच्यासमोर ठेवायची. पुढे आई गेली, घर विकलं गेलं, आणि घेणाऱ्याला गाडी लावायला जागा हवी होती म्हणून जाळी पहिल्या दिवशीच साफ झाली. भावजयीने आईच्या हातच्या शेवटच्या करवंदांच्या बिया तेवढ्या जपून ठेवल्या होत्या. त्या तिने दुधाच्या पावडरीच्या डब्यात लावल्या. एकच उगवली. तो डबा मांडीवर घेऊन ती बसमधून आली, आणि शेजारच्या बाईने "काय आहे हो यात?" विचारल्यावर म्हणाली, "माहेर."

घराची रचना अशी, की रस्त्याकडे तोंड करून सलून, त्याला लागून एक खोली, वरच्या मजल्यावर मी. त्या खोलीच्या खिडकीत भावजयीचं शिलाई मशीन. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं ती शिवते. खिडकी आणि रस्ता यांच्यामध्ये मातीची एक पट्टी होती, तिथे करवंदी लावली. अगदी खिडकीसमोर. त्या दिवशी माझ्या भावाने माझ्यासमोर बायकोला शब्द दिला.

"आईच्या अंगणातली करवंदं तू इथे मशीनवर बसल्या बसल्या तोडशील. खिडकीतून हात काढायचा, की करवंद हातात."

माझ्यासमोर दिला. साक्षीदार मी आहे. आणि आमच्या घरात दिलेला शब्द कधी फिरलेला नाही.

रोप मातीत बसलं, फोफावलं. दोन-तीन वर्षांत चांगलं खिडकीच्या कठड्याला लागलं. मग एक दिवस रस्त्याने जाणाऱ्या कुणाची तरी बाही काट्यात अडकून टर्रकन फाटली. बाही भावजयीने फुकट शिवून दिली, आणि माझा भाऊ दुकानातली कात्री घेऊन बाहेर आला. बाहेर आलेली एक फांदी कापली. मग तिच्या बाजूची जास्त वाटायला लागली, तीही कापली. मग डावीकडे जड आणि उजवीकडे हलकं दिसायला लागलं. दुपारपर्यंत त्याने झाडाला असा आकार दिला, की रस्त्यातले लोक थांबून बघायला लागले.

तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी करवंदीची हजामत. आधी गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं पांढरं कापड झाडाखाली अंथरायचं. मग बाटलीने पाण्याचा फवारा. मग मोठ्या कात्रीने वरची आणि बाजूची कापणी, आणि शेवटी लहान कात्री आणि कंगवा घेऊन कडा. होय, कंगवा. करवंदीला कंगवा लावणारा जगातला तो एकटाच असेल आणि तो माझा भाऊ आहे. पावडर लावायची तेवढी बाकी ठेवायचा. झाड असं झालं, की वर पाण्याचा पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये. लोक तिला 'कपाट' म्हणायला लागले. पत्ता सांगताना म्हणायचे, "हिरवं कपाट दिसलं की आत शिरा, तेच सलून." गिऱ्हाईक वाढलं. काटेरी झुडपाला जो इतकं सरळ करतो तो आपलं डोकं वाकडं कशाला करेल, असा लोकांचा हिशेब, आणि हिशेब बरोबर होता.

एकच गोष्ट राहिली. करवंद लागलं नाही. एकसुद्धा.

पहिली एक-दोन वर्षं भावजय हसायची. म्हणायची, "लहान आहे अजून, लागतील." माझा भाऊही निवांत होता, कारण त्याच्याकडे इलाज होता. डोकं भादरायला मूल घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईबापाला तो एक गोष्ट सांगतो, आमचे वडीलही हेच सांगायचे, "कापलं की दाट येतं." करवंदीला त्याने हेच लावलं. फळ हवं असेल तर झाड दाट पाहिजे, आणि दाट हवं असेल तर कापलं पाहिजे. उन्हाळा जवळ आला की तो जास्तच कापायचा. आणि झाड दाट येत होतं ना! मग चूक काढायची कशात?

थंडी सरताना फांद्यांच्या टोकाला पांढऱ्या कळ्यांचे झुबके यायचे. ते दिसले की याचा हात कात्रीकडे जायचा. इतक्या छान हिरव्या सपाटीवर पांढरं! त्याच्या धंद्यात पांढरं दिसलं की काय करतात हे सांगायला नको. दुकान उघडण्याआधीच लहान कात्रीने एकेक टिपून काढायचा, जसे कानावरचे पांढरे टिपतात तसे, आणि कापड झटकून कचऱ्याच्या डब्यात. भावजय तेव्हा मागे स्वयंपाकात असायची. तिला कधी कळी दिसलीच नाही.

सलूनमध्ये यावर रोज चर्चा. समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक आमचं कायमचं गिऱ्हाईक. डोक्यावर औषधालाही केस नाही, सगळे त्याला 'गोटा' म्हणतात, तोंडावर म्हणतात, तोही ओ देतो. कानामागे चार केस आहेत, ते कापून घ्यायला दर आठवड्याला येतो आणि तासभर बसतो.

"मी सांगतो," गोटा म्हणाला, "तुझी करवंदी नर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नर. पपईत असतो ना, तसा. तिच्याकडून काय अपेक्षा करतोस? तिचा दोष नाही बिचारीचा."

"बिचाऱ्याचा," भाऊ म्हणाला.

"तेच ते. मान खाली कर… नाही, माझीच मान, तू काप."

मी म्हटलं, "झाडाला माशांचं पाणी घालायला पाहिजे. मी ट्रक घेऊन इतके मुलूख फिरलो, सगळीकडे पाहिलंय. मासे धुतलेलं पाणी."

"दादा, खिडकीखाली मासे? ती मला घराबाहेर काढेल."

पण घराबाहेर काढायची पाळी करवंदीची आली. त्या वर्षी थंडी सुरू झाली, दिवस लहान झाले, आणि भावजयीच्या मशीनवर उजेड पुरेना. कपाट खिडकीच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. एका दुपारी ती सलूनमध्ये आली. गिऱ्हाईक खुर्चीत होतं, तोंडाला फेस, तरी ती आली, म्हणजे काम मोठं असणार हे मी ओळखलं.

"अहो, हे बघा." तिने बोट पुढे केलं. सुई शिरली होती, आरपार. "दोरा दिसला नाही."

"अगं, दिवा लावायचा."

"भर दुपारी दिवा लावून बसायचं? कशासाठी? कपाटासाठी?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी इतकी वर्षं उजेड दिला, कारण तुम्ही म्हणाला होतात करवंदं येतील. येत्या उन्हाळ्यात एक तरी करवंद लागलं तर ठीक. नाहीतर मी ती मुळासकट काढणार. तुम्ही नाही काढलीत तर मी माणूस लावून काढणार."

"अगं, तुझ्या आईची…"

"आईची होती तेव्हा तिला करवंदं येत होती," ती म्हणाली आणि आत गेली.

खुर्चीतल्या माणसाने आरशातून माझ्या भावाकडे बघितलं. भावाने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला त्याने नंतर सांगितलं, न सांगून जातो कुठे. झाडासाठी जीव तुटत होताच, कारण ते कपाट म्हणजे त्याची सगळ्यांत देखणी हजामत. पण त्याहून वाईट हे, की ती 'आईची होती' म्हणाली. म्हणजे तिच्या लेखी झाड आता आईचं राहिलंच नव्हतं. माहेर घेऊन आलेल्या बाईच्या हातात त्याने कपाट दिलं होतं.

मग त्याने काय केलं? जे येतं तेच. पुढच्या सुट्टीला आणखी मन लावून कापायला निघाला. यंदा दाट करायचीच. वरचा भाग नीट दिसावा म्हणून दुकानातलं फिरतं स्टूल बाहेर आणलं. मी वरून ओरडलो, "अरे, ते फिरतं!" तो म्हणाला, "माझं स्टूल आहे दादा, मला माहितीये." आणि वर चढला. स्टुलाने आपलं काम केलं. फिरलं.

करवंदीत पडला असता तर ओरखड्यांवर निभावलं असतं. पण झाड बिघडू नये म्हणून त्याने पडता पडता अंग दुसऱ्या बाजूला टाकलं. उजवं मनगट फरशीवर. कात्री मात्र डाव्या हातात वर धरलेली होती, तिला धक्का नाही. कारागीर तो कारागीर.

हाडाच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं. ते काढलं तर हाड तिरकं बसलेलं. माझ्या भावाचं हाड, आणि तिरकं! एक्स-रेच्या फोटोत त्याने ते स्वतःच डॉक्टरला दाखवलं. "इथे बघा, इथून खाली उतरलंय." डॉक्टर म्हणाला, "तुम्ही हाडांचं काम करता का?" मग पुन्हा हाड बसवलं, पुन्हा प्लास्टर, मग पट्टा. उन्हाळ्यापर्यंत कात्री धरायची नाही, असं बजावलं.

दुकानात दुसऱ्या सलूनमधून एक कारागीर आणून बसवला. हात बरा होता त्याचा. माझ्या भावाच्या नखाची सर नाही, पण बरा होता. त्याला करवंदीचं विचारलं, तर दाराबाहेर बघून म्हणाला, "काट्यांची हजामत माझ्या पगारात नाही."

मग मी म्हटलं, "आण ती कात्री. मी करतो. त्यात काय आहे?"

भाऊ गळ्यात अडकवलेल्या हातासकट माझ्यासमोर उभा राहिला. "दादा, तुझ्यासाठी जीव देईन. पण माझ्या जाळीला दुसऱ्याची कात्री लागणार नाही."

आता हे ऐकून दुसऱ्या कुणाला राग आला असता. मला अभिमान वाटला. असा मान ठेवावा धंद्याचा.

तर करवंदी वाढली. कशी वाढली म्हणता! आधी वरची सपाटी गेली, चार फांद्या उभ्या राहिल्या, झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारख्या. मग कडा सुटल्या. मग तिला आकारच उरला नाही. कपाटाचं झिपरं झालं. गिऱ्हाइकं आत येताना म्हणायची, "काय हो, सलूनच्या दारात हा कोण उभा केलाय?" गोटा म्हणाला, "तुझी करवंदी आजवर टॉनिक मागत होती, आता डोक्याला तेल मागेल." माझा भाऊ दुकानात बाकावर बसून हे ऐकायचा आणि दाराकडे पाठ करायचा. बघवत नव्हतं त्याला. प्लास्टरबाहेरची बोटं शिवशिवायची. मी स्वतः बघितली आहेत, कापण्यासारखी दोन बोटं उघडायची, मिटायची.

आणि खोलीत भावजय. खिडकी जवळजवळ झाकली गेली होती. दिवसभर दिवा लावून शिवायची. माणूस लावणार म्हणाली होती, तो तिने ठरवूनही ठेवला होता, कुदळ-फावड्यासकट. उन्हाळा संपू दे, म्हणाली त्याला.

थंडी सरली, आणि एका सकाळी खोलीत वास भरला. गोड, जाईसारखा. भावजय मशीनवरून उठली, खिडकीला नाक लावलं. पांढऱ्या फुलांचे झुबके, फांदीफांदीच्या टोकाला. ती बाहेर आली तेव्हा माझा भाऊ तिथेच उभा होता, डाव्या हातात लहान कात्री.

"काय करताय?"

"काही नाही. जरा पांढरे…"

"हात लावाल तर बघा."

"अगं, किती वाईट दिसतंय. नुसते वरवरचे…"

"मी दुसरा हात मोडेन," भावजय म्हणाली. आमच्या घरात अशी भाषा कधी झाली नव्हती. भावाने कात्री खिशात घातली. पण त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याला वाटलं तिला वास आवडलाय.

फुलं गळली. मागे हिरवे मणी राहिले. मणी फुगले, एका बाजूने लाल झाले. एक तरी म्हणाली होती ती. इथे मोजायला कुणी बसलं असतं तर म्हातारं झालं असतं. रस्त्याने जाणारे थांबायला लागले. आता पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "ती करवंदं लागलीयेत ना, तिथे." भाऊ जमिनीपासून वीतभर वर चालायला लागला. दिलेला शब्द खरा झाला होता, आणि कसा झाला हे विचारायला कुणाला वेळ होता?

मग तो दिवस आला. डॉक्टरने पट्टा काढला, मनगट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "छान. आता रोज थोडी थोडी कात्री चालवा. तोच व्यायाम. आधी काहीतरी हलकं कापा."

संध्याकाळी सलूनच्या पायरीवर बैठक बसली. मी, भाऊ, गोटा आणि तो बदली कारागीर, त्याचा तो शेवटचा दिवस होता. करवंदांनी फांद्या वाकल्या होत्या. बरीच लाल, काही जांभळी झालेली, एका रात्रीत काळी होतील अशी.

"माशांचं पाणी," मी म्हटलं. "तिला कळू न देता घातलं मी. कुणी काही म्हणो."

"माशांचं पाणी कसलं!" गोटा म्हणाला. "मुदत संपलेल्या टॉनिकच्या बाटल्या मी ओतल्या आहेत मुळाशी. रक्तवाढीच्या. लाल रंग कुठून आला वाटतं?"

बदली कारागीर म्हणाला, "दाढीचं पाणी मी रोज तिथेच टाकतो. साबण असतो त्यात."

भाऊ नवा हात हवेत फिरवत होता. म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण मूळ काम माझं. इतकी वर्षं कापली म्हणून इतकी दाट झाली, आणि दाट झाली म्हणून फळ आलं. उद्या सकाळी डॉक्टरच्या व्यायामाला सुरुवात करतो. वरवरचं आटोपतो. पुढच्या वर्षी दुप्पट येतील बघा."

तेव्हा झाड बोललं. म्हणजे आम्हाला तसंच वाटलं. खिडकी दिसत नव्हती, नुसती पानं दिसत होती आणि पानांतून आवाज आला. भावजय आत मशीनवर बसून सगळं ऐकत होती.

"भावोजी, माशांचं कौतुक झालं असेल तर मी एक विचारू?"

"विचार की."

"तुम्हाला नाही. यांना. अहो, फुलं कुठे आली होती? फांदीच्या टोकाला ना?"

"हो."

"करवंदं कुठे आहेत?"

भाऊ उठून बघायला गेला. बघायची गरज नव्हती, तरी गेला. "टोकाला," तो म्हणाला.

"आणि तुम्ही दर सुट्टीला काय कापत होतात?"

गोटाने डोक्यावरून हात फिरवला. बदली कारागीर चपला शोधायला लागला.

"मला यंदा कळलं," आवाज म्हणाला. "ती फुलं बघितली आणि कळलं. माझ्या आईची करवंदं दर वर्षी येत होती. तुम्ही ती कळी असतानाच टिपून, पांढऱ्या कापडात गोळा करून कचऱ्यात टाकत होतात. तुमचा हात मोडला म्हणून वाचली. तेवढंच सांगायचं होतं. आता उद्या तुम्हाला व्यायाम करायचाय तर करा. मी काही म्हणणार नाही."

मशीन पुन्हा सुरू झालं.

माझा भाऊ झाडासमोर उभाच राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "माशांच्या पाण्यानेही फरक पडतोच." तो म्हणाला, "दादा, गप्प बस." सगळ्या जन्मात मला पहिल्यांदा गप्प बस म्हणाला तो. जेवायला बसला, पण भाकरीच्या कडा मोडून मोडून सरळ करत राहिला, खाल्ली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कात्रीच्या आवाजाने.

त्याच्या कात्रीचा आवाज मी हजारात ओळखेन. कच्, कच्, कच्, थांबून एक छोटा कच्. रात्रभर विचार करून याने शेवटी हेच केलं! अनवाणी जिना उतरलो, दुखऱ्या गुडघ्यांना विचारलं नाही. बाहेर आलो तर हा करवंदीसमोर उभा, या वेळी जमिनीवर, आणि खाली पांढरं कापड अंथरलेलं. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, बोटं झाडाच्या पांढऱ्या चिकाने चिकट झालेली. बाजूला दाढीच्या साबणाची वाटी, घासून लख्ख केलेली, आणि तिच्यात काळीभोर करवंदं.

मी नीट बघितलं. वर हात लावला नव्हता. बाजूंना नाही. झिपऱ्या होत्या तशा होत्या. फक्त मधोमध, बरोबर खिडकीसमोर, तो एक चौकोन पाडत होता. एक फांदी धरायची, तिच्यावरचं पिकलेलं प्रत्येक करवंद आधी तोडून वाटीत टाकायचं, आणि मगच फांदी कापायची. कच्चं करवंद असलं तर ती फांदी न कापता बाजूला वळवून सुतळीने बांधायची. चौकोन मोठा होत गेला आणि त्यातून आतली काच दिसायला लागली, मग मशीनचं चाक, मग अर्धवट शिवलेला पडदा. कोवळं ऊन त्या भोकातून आत गेलं आणि नेमकं सुईवर पडलं.

शेवटची फांदी कापून तो दोन पावलं मागे आला आणि डोळे बारीक करून बघू लागला. मीही बघितलं. आणि आम्हा दोघांना एकदमच दिसलं.

चौकोन वाकडा होता. उजवीकडची वरची बाजू चांगली दोन बोटं खाली उतरलेली. हातात अजून जोर नव्हता, शेवटी शेवटी कात्री ढळली होती. माझ्या भावाच्या हातून झालेलं पहिलं वाकडं काम. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणार, दुकानाच्या दारातच.

सरळ करायचं म्हटलं असतं तर एकच फांदी कापावी लागणार होती. जाड, वळवून बांधता येणार नाही अशी, आणि तिच्या टोकाला लाल करवंदांचा घोस होता.

त्याचा हात वर गेला. कात्री उघडली. तो बघत राहिला, बघत राहिला, मान एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला केली. मग कात्री मिटली आणि खिशात टाकली. खिशावर वरून हात दाबून धरला, जणू आतून ती परत बाहेर येईल.

काच सरकली. भावजयीचं तोंड त्या वाकड्या चौकोनात आलं. डोळ्यांवर ऊन पडल्यामुळे तिला आधी काही दिसलंच नाही.

"काय केलंत हे?"

"उजेड," तो म्हणाला. "आणि हे." वाटी त्याने चौकोनातून आत धरली. "खिडकीतून हात काढून तोडशील म्हणालो होतो. आजच्या दिवस मी तोडून दिली. उद्यापासून तू तोड. कात्री आता वर्षाला एकदाच, तीही सगळी करवंदं संपल्यावर, आणि तू सांगशील तेवढीच."

तिने वाटीकडे बघितलं, मग चौकोनाकडे. "वाकडा आलाय," ती म्हणाली.

"माहितीये."

"राहू देणार?"

"राहू दे."

तिने एक करवंद उचललं, पुसलं आणि तोंडात टाकलं. एक डोळा मिटला, खांदे वर गेले, तोंडाचा पार चंबू झाला.

"आंबट?" माझ्या भावाने घाबरून विचारलं. "आईची कशी होती? गोड होती का?"

ती बी जिभेवर घोळवत राहिली. मग बी काढून हातात घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि दुसरं करवंद उचललं.

"अशीच होती," ती म्हणाली. "मीठ आणा."

तो हलला नाही. नुसता उभा राहून तिच्याकडे बघत होता, चिकट हात दोन्ही बाजूंना लांब धरून. म्हणून सांगतो, लोक काही का सांगेनात, मीठ मी आणलं. वरच्या मजल्यावरून, अनवाणी, आणि याच गुडघ्यांनी.